सर्व इस्राएलाचे तारण

पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले ते इ. स. ५७ च्या सुमारास, बहुधा करिंथ शहरात बसून. त्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, सव्विसाव्या वचनाच्या आरंभी, सर्व इस्राएल तारणाला पोहोचेल अशा अर्थाचे एक विधान आहे. मूळ ग्रीकमध्ये ते पाच शब्दांचे आहे. त्या पाच शब्दांवर ख्रिस्ती धर्मपंडित शतकानुशतके वाद घालत आले आहेत. ‘सर्व’ म्हणजे किती? ‘इस्राएल’ म्हणजे कोण, याकोबाच्या रक्ताचे वंशज की ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे सगळेच? तारण कशापासून, कधी आणि कोणत्या वाटेने? प्रश्न ग्रंथालयातला वाटतो, पण त्याच्या उत्तरांनी युरोपातल्या यहुद्यांचे जीव वाचवले आहेत आणि घेतलेही आहेत, मिशनऱ्यांना समुद्रापार धाडले आहे, आणि आज पश्चिम आशियातल्या जमिनीच्या तंट्यातही हेच वचन साक्षीला उभे केले जाते.

माझे मत आधीच नोंदवलेले बरे. बहुतेकांनी हे वचन भविष्यकथन म्हणून वाचले. पौलाने ते लिहिले रोममधल्या बिगर-यहुदी विश्वासणाऱ्यांची घमेंड उतरवण्यासाठी. जो अर्थ ही घमेंड पुन्हा चढवतो तो व्याकरणात कितीही चपखल बसला तरी पौलाचा असू शकत नाही. या कसोटीवर पुढचा सगळा वाद तपासला पाहिजे.

सुरुवात पौलाच्याही मागे जाऊन करावी लागते, कारण तारण ही कल्पना त्याला आयती मिळालेली होती. इब्री शास्त्रात ती आधी फार भौतिक आहे. मिसरी सैन्य समुद्रात बुडाले तेव्हा परमेश्वराने इस्राएलला तारले, असे निर्गम सांगते. शास्त्यांच्या काळात तारण म्हणजे मिद्यानी, पलिष्टी अशा शत्रूंच्या तावडीतून सुटका. यशयाच्या उत्तरार्धात बाबेलच्या बंदिवासातून घरी परतणे हे तारण आहे, आणि त्याच पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात ते सर्वकाळचे होते. यिर्मया एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराची गोष्ट करतो. तिथे नियमशास्त्र दगडावरून हृदयावर येते आणि पापांची क्षमा होते. यहेज्केल कोरड्या हाडांच्या खोऱ्यात उभा राहून मेलेले राष्ट्र जिवंत होताना पाहतो आणि लगेच पुढे उत्तरेचे व दक्षिणेचे फुटलेले घराणे एक झालेले पाहतो. राजकीय सुटका, देशात परतणे, पापक्षमा, फुटलेल्या वंशांची एकी हे सगळे त्या एका शब्दात दाटलेले आहे आणि संदेष्ट्यांनी त्याच्या चिठ्ठ्या करून वेगवेगळ्या डब्यांत टाकलेल्या नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या स्तुती करतो, तेव्हा तोही एका श्वासात शत्रूंपासून सुटका आणि पापांची क्षमा या दोहोंबद्दल बोलतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आरंभी शिष्य पुनरुत्थित येशूला विचारतात, की इस्राएलचे राज्य आता परत मिळणार का. येशू त्यांना नाही म्हणत नाही आणि तारीखही देत नाही. पुढे ख्रिस्ती मंडळीने या दाटलेल्या शब्दातला आत्मिक अर्थ आपल्याकडे ठेवला आणि राजकीय अर्थ यहुद्यांची ऐहिक भूल म्हणून टाकून दिला. काहींनी नेमके उलट केले. वादाचे मूळ या फाळणीत आहे.

आता रोमकडे वळू. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून हाकलल्याची नोंद रोमन इतिहासकार स्वेटोनियसने केली आहे. बहुतेक अभ्यासक ती घटना इ. स. ४९ ची मानतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी जोडपे याच कारणाने करिंथला आलेले दिसते. ५४ साली क्लौद्य मेला आणि माणसे परतू लागली. पौल पत्र लिहितो तेव्हा हे जोडपे पुन्हा रोममध्ये आहे. मधल्या वर्षांत रोमच्या मंडळीचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. यहुद्यांनी उभारलेल्या घरगुती मंडळ्या आता परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, हाती होत्या. परतलेल्या यहुदी विश्वासणाऱ्यांना आपल्याच घरात पाहुण्यासारखे वागवले जात असणार. देवाने जुनी माणसे काढून आपल्याला बसवले, असे परराष्ट्रीयांना वाटू लागले होते, हे पौलाच्या इशाऱ्यांवरून स्वच्छ दिसते.

नऊ, दहा आणि अकरा हे तीन अध्याय म्हणजे या समजुतीला दिलेले उत्तर. आरंभ शोकाने होतो. आपल्या भाऊबंदांसाठी ख्रिस्तापासून तोडले जाण्याचीही पौलाची तयारी आहे. मग तो म्हणतो की इस्राएलच्या पोटी जन्मलेले सगळेच इस्राएल नाहीत, आणि इसहाक व इश्माएल, याकोब व एसाव, कुंभार व माती असे दाखले देत देवाची निवड माणसाच्या कर्तबगारीवर नसते हे मांडतो. दहाव्या अध्यायात त्याचे लोक अडखळले आहेत; त्यांच्याकडे आवेश आहे, समज नाही. अकराव्यात तो थेट विचारतो, देवाने आपले लोक टाकून दिले का? उत्तर ठाम नकाराचे आहे, आणि पहिला पुरावा तो स्वतःच आहे, बन्यामीनच्या वंशातला इस्राएली. दुसरा पुरावा एलीयाच्या काळच्या त्या सात हजारांचा, ज्यांनी बआलापुढे गुडघे टेकले नाहीत. एक अवशेष नेहमीच उरतो.

मग जैतुनाचे झाड येते. काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानजैतुनाच्या फांद्या कलम केल्या गेल्या. आपल्या कोकणात कलम बांधणारा माणूस रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बसवतो, कारण फळ काडीच्या जातीचे येते. पौलाने हे मुद्दाम उलटे केले आहे. झाड पिकवलेले, जातिवंत, काडी रानटी. हे निसर्गाच्या विरुद्ध आहे असे तो स्वतःच म्हणतो. परराष्ट्रीयाने झाडात काही भर घातली नाही, मूळ त्याला पोसते आहे. आणि तोडलेल्या फांद्या परत बसवणे देवाला अवघड नाही. अठराव्या वचनात तो त्यांना फुशारकी मारू नका म्हणतो, विसाव्यात गर्व करू नका म्हणतो, आणि पंचविसाव्यात रहस्य सांगण्याचे कारणच हे देतो की तुम्ही स्वतःला शहाणे समजू नये. मग ते रहस्य: इस्राएलच्या एका भागाला कठीणपणा आला आहे, परराष्ट्रीयांची पूर्ण संख्या आत येईपर्यंत, आणि अशा रीतीने सर्व इस्राएल तारले जाईल. पुढे यशयाचा आधार, आणि मग हे लोक शुभवार्तेच्या दृष्टीने शत्रू पण पूर्वजांमुळे प्रिय आहेत, देवाची दाने व बोलावणे तो मागे घेत नाही, हे निर्वाणीचे बोल. शेवटी युक्तिवाद थांबतो आणि स्तुती सुरू होते.

या उताऱ्याचे ढोबळ मानाने चार अर्थ लागले आहेत, आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिला अर्थ असा की ‘सर्व इस्राएल’ म्हणजे यहुदी व परराष्ट्रीय मिळून झालेली ख्रिस्ताची मंडळी. धर्मसुधारक कॅल्विनने १५४० च्या आपल्या भाष्यात हाच अर्थ घेतला. आपल्या काळात इंग्लंडचे एन. टी. राइट त्याचे सर्वांत समर्थ वकील आहेत. त्यांचे म्हणणे, पौलाने अब्राहामाचे घराणे ख्रिस्ताभोवती नव्याने आखले आहे. रोमकरांसच्या चौथ्या अध्यायात अब्राहाम सर्व विश्वासणाऱ्यांचा बाप आहे, आणि गलतीकरांस पत्राच्या शेवटी ‘देवाचे इस्राएल’ हे शब्द येतात ते याच अर्थाने. यावर आक्षेप उघड आहे. पंचविसाव्या वचनात ‘इस्राएल’ म्हणजे नि:संशय यहुदी लोक, कारण त्यांची परराष्ट्रीयांशी तुलना चालू आहे. मग पुढच्याच वाक्यात शब्दाचा अर्थ कसा पालटतो? राइटचे उत्तर दुर्लक्षून चालणार नाही: नवव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात एकाच वाक्यात पौलाने तो पालटला आहे. तरी तिथे वर्तुळ आकसते, यहुद्यांतलेच काही इस्राएल ठरतात. इथे ते पसरून यहुदी नसलेल्यांना सामावते असे मानावे लागते. आणि पुढे अठ्ठाविसाव्या वचनात ‘शत्रू पण प्रिय’ असे ज्यांना म्हटले आहे ते मंडळीचे लोक असू शकत नाहीत.

दुसरा अर्थ डच सुधारित परंपरेत रुजला. विल्यम हेंड्रिक्सन आणि अँथनी हुकेमा यांनी तो मांडला. ‘सर्व इस्राएल’ म्हणजे सर्व पिढ्यांतले निवडलेले यहुदी, त्या त्या काळचा अवशेष धरून होणारी बेरीज. येथे ‘अशा रीतीने’ या शब्दांवर भर आहे. पौल ‘नंतर’ म्हणत नाही, रीत सांगतो. परराष्ट्रीयांची कृपा पाहून यहुद्यांना ईर्ष्या होते आणि त्यांतले काही विश्वास ठेवतात, हीच ती रीत. भाषेच्या दृष्टीने हा मुद्दा पक्का आहे. पण निवडलेले तारले जातील हे सांगायला रहस्य कशाला हवे? आणि ज्या अध्यायात तोडलेल्या फांद्या परत बसवण्याची, त्यांच्या भरतीची, मेलेल्यातून जीवनाची भाषा आहे, तो अवशेषापाशीच थांबला तर चढलेला सूर अर्ध्यावर तुटतो.

तिसरा अर्थ जुना आणि सर्वांत व्यापक. काळाच्या शेवटी यहुदी लोक मोठ्या संख्येने, एक लोकसमूह म्हणून, ख्रिस्ताकडे वळतील. ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात एलीया परत येऊन यहुद्यांना विश्वासाकडे आणील असे लिहिले. कॅल्विनचा वारस बेझा याने या बाबतीत गुरूची वाट सोडून हाच अर्थ घेतला. बेझाकडून तो इंग्रज प्युरिटनांकडे गेला, आणि वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत प्रभूची प्रार्थना समजावताना यहुद्यांच्या बोलावण्यासाठी मागणे करायला शिकवले गेले. ‘सर्व’ म्हणजे इथे प्रत्येक माणूस असे नाही. शमुवेल मेला तेव्हा सर्व इस्राएल जमून रडले असे शास्त्र म्हणते, त्या अर्थाचे ‘सर्व’. रब्बींच्या मिश्ना या संग्रहातही सर्व इस्राएलला येणाऱ्या जगात वाटा आहे असे म्हणून लगेच कोणाकोणाला नाही याची यादी दिली आहे. मला हा अर्थ मजकुराच्या सर्वांत जवळचा वाटतो. पण त्याच्या पोटात एक काटा आहे आणि उपदेशक तो क्वचितच उघड करतात. शेवटच्या पिढीतले यहुदी तारले गेले, तर मधल्या हजारो वर्षांतल्यांचे काय? दमास्कसच्या वाटेवर पौलाला ख्रिस्त भेटला. ऑशविट्झच्या छळछावणीत मेलेल्या एखाद्या यहुदी आजीला कोण भेटले? पौल याचे उत्तर देत नाही. देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडले ते सर्वांवर दया करावी म्हणून, एवढे बोलून तो स्तुतीकडे वळतो.

चौथा अर्थ विसाव्या शतकातला. स्वीडनचे क्रिस्टर स्टेंडाल हार्वर्डला शिकवत आणि पुढे स्टॉकहोमचे बिशप झाले. पौलाला मार्टिन ल्यूथरच्या व्याकूळ विवेकबुद्धीतून वाचणे बंद करा, असे त्यांनी १९६३ च्या एका निबंधात बजावले, आणि १९७६ च्या पुस्तकात एका गोष्टीकडे बोट दाखवले: दहाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनानंतर अकराव्याच्या शेवटापर्यंत पौल ख्रिस्ताचे नाव घेत नाही, आणि शेवटची स्तुती निव्वळ देवाची आहे. यावरून लॉइड गॅस्टन, जॉन गेजर यांच्यासारखे अभ्यासक पुढे गेले: ख्रिस्त हा परराष्ट्रीयांचा मार्ग, यहुद्यांसाठी सीनायचा करार पुरेसा. यहुदी तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनझ्वाइग यानेही १९२१ मध्ये काहीसा असाच विचार मांडला होता. हा अर्थ वाचताना मनाला दिलासा मिळतो हे मी नाकारत नाही. पण मग पौल नवव्या अध्यायात रडतो कशासाठी? यहुदी आणि ग्रीक यांत भेद नाही, दोघांचा प्रभू एकच, हे दहाव्या अध्यायातले वाक्य कुठे ठेवायचे? स्टेंडालांचे निरीक्षण अमूल्य आहे. इतरांनी त्यावर उभारलेला दुसरा मार्ग पौलाने आखलेला नाही.

आता हे अर्थ इतिहासात काय करून गेले ते पाहू, कारण वाद तिथेच सर्वांत बोलका होतो.

इ. स. ७० मध्ये मंदिर पडले, १३५ मध्ये बार कोखबाचे बंड चिरडले गेले. त्यानंतर दोन-तीन दशकांत जस्टिन मार्टरने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेल्या संवादाचा ग्रंथ लिहिला आणि ख्रिस्ती हेच खरे इस्राएल असा स्पष्ट दावा केला. तेव्हा ख्रिस्ती लोक स्वतः छळले जात होते. दाव्यात दुबळ्याची जिद्द होती. चौथ्या शतकात साम्राज्य ख्रिस्ती झाले आणि तोच दावा बळवंताच्या हाती गेला. मंडळीने इस्राएलची जागा घेतली हा सिद्धान्त पुढे इतका सवयीचा झाला की तो सिद्धान्त आहे हेच कोणाच्या लक्षात राहिले नाही.

तरी त्या काळोखात एकदा या वचनाने माणसे वाचवली. १०९६ च्या पहिल्या क्रूसयुद्धात ऱ्हाइन नदीकाठच्या यहुदी वस्त्या कापल्या गेल्या होत्या. ११४६ मध्ये दुसऱ्या क्रूसयुद्धाची हाक गेली तेव्हा राडुल्फ नावाचा भिक्षू जर्मनीत फिरून पुन्हा तीच आग लावू लागला. क्लेअरवोचा बर्नार्ड हा या क्रूसयुद्धाचा सर्वांत मोठा प्रचारक. त्याने पत्रे धाडून यहुद्यांना हात लावायला मनाई केली, आणि कारण म्हणून रोमकरांसचा अकरावा अध्याय पुढे ठेवला: ज्यांच्या तारणाचे वचन देवाने दिले आहे त्यांना मारून टाकाल तर ते वचन पुरे कसे होईल? पत्रांनी भागले नाही तेव्हा तो स्वतः जर्मनीत गेला आणि राडुल्फला मठात परत पाठवले. बॉनचा एफ्राईम हा यहुदी इतिहासकार तेव्हा लहान मुलगा होता. त्याने पुढे आपल्या बखरीत बर्नार्डचे ऋण कृतज्ञतेने नोंदवले. बर्नार्ड यहुद्यांचा मित्र होता असे म्हणता येत नाही, त्याच्या लेखनात त्यांच्याविषयी कठोर शब्द आहेत. तरी वचनाने त्याचा हात धरला.

ल्यूथरचे नेमके उलट झाले. १५२३ मध्ये येशू जन्माने यहुदी होता असे ठणकावून सांगणारी पुस्तिका त्याने लिहिली, यहुद्यांशी प्रेमाने वागा म्हणाला, ते वळतील अशी आशा धरली. ते वळले नाहीत. १५४३ मध्ये त्याने त्यांची प्रार्थनागृहे जाळा, घरे पाडा, पुस्तके हिसकावा असे सांगणारा ग्रंथ लिहिला. त्यांच्या सार्वत्रिक तारणाची आशा त्याने सोडून दिली होती. चारशे वर्षांनी नाझींनी तो ग्रंथ आनंदाने वापरला. ‘ते वळतील म्हणून प्रेम करा’ या उपदेशात केवढा धोका दडलेला असतो हे ल्यूथरपेक्षा स्पष्ट कोणी दाखवलेले नाही.

इंग्लंडमध्ये आशेने दार उघडले. अ‍ॅम्स्टरडॅमचा रब्बी मनश्शे बेन इस्राएल १६५५ मध्ये लंडनला येऊन तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्याकडे यहुद्यांना देशात परत घ्या अशी विनंती करू शकला. त्याला ऐकून घेणाऱ्यांत प्युरिटन होते आणि त्यांच्या डोक्यात रोमकरांस अकरा होते. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने वेगळीच मांडणी केली. इस्राएल आणि मंडळी हे देवाचे दोन स्वतंत्र लोक. एकाला पृथ्वीवरची वचने, दुसऱ्याला स्वर्गीय. मंडळी स्वर्गात उचलली जाईल, मग इस्राएलचे घड्याळ पुन्हा चालू होईल. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसहित बायबलने ही मांडणी अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवली. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले, १९६७ मध्ये जेरुसलेमचा जुना भाग त्याच्या ताब्यात आला, आणि लाखो विश्वासणाऱ्यांना भविष्यवाणी वर्तमानपत्रात छापून आल्यासारखी वाटली.

या मांडणीने इस्राएलला पुसले नाही, हे तिचे श्रेय. पण नवव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात पौल इस्राएलच्या ठेव्याची यादी देतो: दत्तकपण, तेज, करार, नियमशास्त्र, उपासना, वचने. त्यात देशाचे नाव वेगळे घेतलेले नाही, आणि चौथ्या अध्यायात तो अब्राहामाला एका देशाचा नव्हे, जगाचा वारस म्हणतो. वचनांत देशही आला असे कोणी म्हणेल. तो वाद प्रामाणिक आहे. पण पौलाच्या या तीन अध्यायांतून आजच्या सीमारेषा काढणे म्हणजे त्याने न लिहिलेले खत त्याच्या सहीने नोंदवणे. बैसान गावचे नईम अतीक यांचे कुटुंब १९४८ मध्ये घरातून हुसकावले गेले. पुढे ते अँग्लिकन पाळक झाले आणि १९८९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणसाने हे शास्त्र कसे वाचायचे यावर त्यांनी पुस्तक लिहिले. २००९ मध्ये बेथलेहेममधून प्रसिद्ध झालेल्या ‘कैरोस पॅलेस्टाइन’ या निवेदनानेही तोच प्रश्न जगभरच्या मंडळ्यांपुढे ठेवला. जैतुनाच्या झाडाची चर्चा करताना त्याच मातीतल्या, पहिल्या शतकापासूनच्या मंडळीचा विसर पडावा हे फार वाईट आहे.

युरोपच्या मंडळ्यांना जाग आली ती साठ लाख यहुदी मारले गेल्यावर. धर्मपंडित कार्ल बार्टने १९४२ मध्येच, युद्ध पेटलेले असताना, निवडीच्या सिद्धान्ताच्या मध्यभागी इस्राएलला आणून बसवले होते. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या छळछावणीची बळी ठरली. १९६० च्या जूनमध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि मंडळीच्या शिकवणुकीतला तिरस्कार दूर करा म्हणाले. त्या भेटीपासून सुरू झालेल्या कामातून २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ‘नोस्त्रा एताते’ हे पत्रक बाहेर आले. बाजूने २,२२१ मते, विरोधात ८८. त्याच्या चौथ्या परिच्छेदाचा कणा रोमकरांस अकरा हाच आहे. जे वचन शतकानुशतके वाचूनही ऐकू आले नव्हते, की देवाने बोलावणे मागे घेतलेले नाही, ते आता अधिकृत शिकवण झाले. जर्मनीत ऱ्हाइनलंडच्या प्रोटेस्टंट मंडळीने १९८० मध्ये तशीच कबुली दिली.

वाद मात्र मिटलेला नाही. १९८९ मध्ये इव्हान्जेलिकल धर्मपंडितांनी विलोबँकच्या जाहीरनाम्यात यहुद्यांना सुवार्ता सांगणे हे प्रेमाचे कर्तव्य असल्याचे बजावले. येशूला मशीहा मानूनही शब्बाथ आणि सण पाळणारे मशीही यहुदी आहेत. दोन्ही बाजूंनी नाकारले जाणारे हे लोक पौलाला मात्र लगेच ओळखू आले असते, कारण तो स्वतः तसाच होता. २०१५ च्या डिसेंबरमध्ये व्हॅटिकनच्या आयोगाने रोमकरांस ११:२९ वरूनच नाव घेऊन एक दस्तऐवज काढला. यहुदी लोक देवाच्या तारणात सहभागी आहेत यात शंका नाही, तारणाचे दोन वेगळे मार्गही नाहीत. ख्रिस्ताची उघड कबुली न देता हे कसे घडते ते देवाचे गूढ, असे तो म्हणतो. यहुद्यांसाठी संस्थात्मक मिशन मंडळी चालवत नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिले आहे. काहींना ही पळवाट वाटली. मला तो पौलाचाच शेवट वाटतो: दोन्ही टोके हातात धरून उभे राहणे.

मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटू नये, कारण ‘बेने इस्राएल’, म्हणजे ‘इस्राएलची मुले’, हेच नाव लावणारा यहुदी समाज आपल्या कोकणात शतकानुशतके तेल गाळत आणि मराठी बोलत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. एलीया संदेष्ट्याच्या नावाने ते मलिदा करतात. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला आणि १८३२ मध्ये त्याने मराठीतून इब्री व्याकरण छापले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, शिक्षकही झाली. या खटपटीमागे रोमकरांस अकराची आशा होतीच. मराठीत जुना करार हाती आला, इब्री शिकायला मिळाले. त्यातून थोडेच बेने इस्राएल ख्रिस्ती झाले. बाकीचे आपल्या शास्त्राचे अधिक जाणते यहुदी झाले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने त्यांची स्वतःची शाळा मुंबईत निघाली. पुढे इस्राएल देशात गेलेल्या या मराठी लोकांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रब्बींनीच वंशाचे दाखले विचारले. जेरुसलेममध्ये त्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा १९६४ मध्ये त्यांचे यहुदीपण निर्विवाद मान्य झाले. इस्राएल म्हणजे कोण, हा प्रश्न त्यांना दोन्हीकडून विचारला गेला.

आज आपल्या मराठी मंडळ्यांत अंतकाळाचे तक्ते मोबाइलवरून येतात. त्यांत इस्राएल कधी देवाच्या घड्याळाचा काटा असतो, कधी टाकून दिलेले जुने भांडे. दोन्हींत जिवंत यहुदी माणूस नसतो, आणि पॅलेस्टिनी ख्रिस्ती तर नसतोच. म्हणून व्यासपीठावर उभे राहणाऱ्या प्रत्येक पाळकाला आणि शिक्षकाला माझी विनंती आहे. रोमकरांस पत्राचे नववा, दहावा आणि अकरावा हे अध्याय मिळून नव्वद वचने आहेत; मंडळीला ती एका बैठकीत, मध्ये न थांबता, मोठ्याने वाचून दाखवा. सव्विसाव्या वचनाचा अर्थ सांगण्याआधी अठराव्या वचनावर एक संपूर्ण रविवार द्या. आणि तुमच्या गावात, रोह्यात, पेणमध्ये, अलिबागेत किंवा ठाण्यात, बेने इस्राएलांचे प्रार्थनागृह असेल तर तिथल्या माणसांना एकदा भेटून या.